त्याच्यामागून जाणारा माणूस

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी टेलिफोनवर बसते. कुणाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, कुणाचं दार नीट लागत नाही, कुणाला रात्रभर कुरकुर ऐकू येते, हे सगळं आधी माझ्या कानावर येतं आणि मग मी मेकॅनिकला पाठवते. कोण कुठे गेलं, किती वाजता परतलं, कुणी कोणत्या सर्व्हिस कार्डावर सही केली, हे माझ्याइतकं कंपनीत कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ही हकिगत मीच सांगायला हवी. शिवाय तिच्यात माझाही हात आहे, तो लपवून ती सांगता येणार नाही.

होईलराव आमच्याकडे सोळा वर्षं मेकॅनिक आहे. हजेरीपटावर त्याचं दुसरं नाव आहे, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला आठवतं. काहीही सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं. "होऊन जाईल." त्यावरून कुणीतरी होईलराव म्हणालं आणि ते चिकटलं. त्याला स्वतःलाही ते आवडायचं. उंच, हसरा, शर्टाच्या खिशात नेहमी टेस्टर खोचलेला. सोसायटीतल्या म्हाताऱ्या बायका फोन करून सांगायच्या, "दुसऱ्या कुणाला नको, त्यालाच पाठवा." तो त्यांची विचारपूस करायचा, वर जाता जाता पिशव्या उचलायचा. दिवसाला पाच लिफ्ट उरकून चारच्या सुमाराला ऑफिसात परत यायचा, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचा आणि कासवकाकांची नक्कल करायचा.

कासवकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. तब्येतीने रुंद, बोलायला कमी, आणि कामाला इतके सावकाश की त्यांच्या नावावर दिवसाला दोनच लिफ्ट असायच्या. होईलराव म्हणायचा, "ताई, काका तेलाची बाटली उघडेपर्यंत माझी एक इमारत होते." सगळे हसायचे. मीही हसायचे. आणि हसून झालं की मी कागदांत डोकं घालायचे, कारण काका उरलेला दिवस काय करतात हे मला माहीत होतं.

गेल्या वर्षी आमचे मोठे साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. पस्तिशीचे, नीटनेटके, कागदावर विश्वास असणारे. त्यांनी सगळ्या मेकॅनिकांची जुनी रेकॉर्ड मागवली आणि दोन दिवस वाचत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी होईलरावला आत बोलावलं. तुमच्या विभागात नऊ वर्षांत एकही अपघात नाही, एकही गंभीर तक्रार नाही, म्हणून तुम्हाला सुपरवायझर करायचा विचार आहे, असं ते म्हणाले. मेकॅनिकांची सगळी टीम त्याच्या हाताखाली येणार होती. फक्त एक अट होती. वरच्या ऑफिसच्या नियमाप्रमाणे बढतीआधी सहा आठवडे एका कोचबरोबर बसायचं, आठवड्याला एक तास.

तो बाहेर आला तो हसतच. "कोच म्हणे. या वयात मला पळायला लावणार की काय?"

मी त्याचं अभिनंदन केलं. कासवकाका कोपऱ्यात बूट काढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या. काका तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते.

कोच म्हणजे साठीच्या आसपासच्या एक बाई. बारीक कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, आणि कायमची सर्दी. पूर्वी बरीच वर्षं त्यांनी मुलांना पोहायला शिकवलं होतं. आता कंपन्यांमधून जात. वरच्या मजल्यावरच्या जुन्या स्टोअर रूममध्ये दोन खुर्च्या टाकून त्यांची सोय केली होती. पहिल्याच दिवशी त्यांना उशीर झाला. होईलराव घड्याळ बघत माझ्याशेजारी उभा होता आणि खूश होता, कारण उशिरा येणारी माणसं त्याला आपली वाटतात.

बाई आत आल्या, त्याच्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "मला अकरा मिनिटं उशीर झाला. मी घरून उशिरा निघाले."

तो पुढचं ऐकायला थांबला. मीही थांबले. रस्त्यावर गर्दी होती, गाडी बंद पडली, कुणीतरी भेटलं, असं काहीतरी यायला हवं होतं. पण बाईंचं वाक्य संपलेलं होतं. त्या जिना चढायला लागल्यासुद्धा.

"ताई," तो मला हळूच म्हणाला, "असं कसं हो बोलतं माणूस?"

त्या तासात बाईंनी त्याला फारसं काही सांगितलं नाही. एक छोटी वही घ्यायला सांगितली. सात दिवस, जे जे म्हणून तुम्ही कुणाला 'करतो' म्हणाल, ते त्यात लिहायचं. रात्री झोपण्याआधी, झालं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. कारण लिहायचं नाही. वहीत कारणाला जागाच ठेवायची नाही.

त्याला ते पोरखेळासारखं वाटलं. पण तो मनाने सरळ आहे, त्याने वही ठेवली. आठवडाभर मी त्याला बघत होते. फोनवर कुणाला 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणाला की खिशातून वही काढायचा. वॉचमनला 'उद्या तो बल्ब आणतो' म्हणाला की वही. पहिले दोन दिवस तो याच्या गमती सांगत होता. तिसऱ्या दिवसापासून गमती बंद झाल्या.

सातव्या दिवशी तो वही माझ्यापुढे उघडी टाकून बसला. एकसष्ट ओळी होत्या. बरोबरच्या खुणा एकोणीस.

"चुकलं असेल मोजायला," तो म्हणाला. "तुम्ही मोजा."

मी मोजलं. एकोणीसच.

"पण ताई, मी तर सगळं करतो. म्हणजे... मला तर असंच वाटत होतं की मी करतो." त्याने पानं पुन्हा उलटली. दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर बघावं तसा तो बघत होता. आईला फोन, फुली. लेकीच्या सायकलची चेन, फुली. नदीकाठच्या इमारतीत लिफ्टखालचा खड्डा साफ करणं, फुली. पुन्हा आईला फोन, पुन्हा फुली.

बाईंसमोर त्याने जरा वाद घातला. यातली निम्मी नुसती बोलायची पद्धत आहे, पाच मिनिटं म्हणजे काय खरंच पाच मिनिटं नसतात, असं तो म्हणाला. बाईंनी नाक पुसत ऐकून घेतलं.

"मग कोणतं खरं आणि कोणतं बोलायची पद्धत, हे ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं?"

त्याने वही मिटली.

"तर मग ऐकणाऱ्यांनाच विचारू या," बाई म्हणाल्या. "तीन माणसं निवडा. प्रत्येकाला एकच प्रश्न. मी शब्द दिला की तुम्ही पुढे काय करता? ते जे सांगतील ते ऐकायचं. समजावून सांगायचं नाही, स्वतःची बाजू मांडायची नाही. ऐकून झालं की फक्त 'बरं झालं सांगितलंत' म्हणायचं."

पहिला नंबर बायकोचा. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होती आणि लेक पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती. त्याने खुर्ची ओढली आणि हसत हसत प्रश्न विचारला. पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं, दोन-तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने.

बायकोचे हात थांबले. "खरं सांगू की बरं वाटेल असं?"

"खरं."

"तू हो म्हणालास की मी दुसरी व्यवस्था करते."

त्याला कळलं नाही. तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली. आवाजात राग नव्हता, दवाखान्यात पेशंटला वेळ सांगते तशी ती सांगत होती. आईची औषधं तू आणतो म्हणतोस, ती मी दोन दिवस आधीच आणून माझ्या कपाटात ठेवते. तू आणलीस तर माझी पुढच्या महिन्यात वापरते. कुठे जायचं असलं की तुला मी एक तास आधीची वेळ सांगते. लग्नापासून सांगते आहे. वीजबिल, शाळेचे फॉर्म, गॅस, सगळं माझ्याकडे दुसऱ्यांदा लिहिलेलं असतं.

"आणि शाळा?" त्याने विचारलं. लेकीला शाळेतून आणायचं काम मंगळवार आणि शुक्रवार त्याचं होतं. त्यात तो क्वचितच चुकला होता, असं त्याला पक्कं वाटत होतं.

बायकोने पुढची शेंग उचलली. उत्तर पलीकडच्या खोलीतून आलं.

"शेजारच्या काकू असतात, बाबा. फाटकाशी, झाडाखाली. तू आलास की त्या तशाच घरी जातात. नाही आलास की मला घेऊन येतात."

"कधीपासून?"

"पहिलीपासून."

लेक आता सातवीत आहे. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने आणखी एक वाक्य बोलून टाकलं. "मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे बाबा आणायला येतात तेव्हा एक काकू असतेच."

त्याने बायकोला 'बरं झालं सांगितलंस' असं म्हटलं. मग टेबलावरचे मटार तोही सोलायला लागला. दोघांनी मिळून सगळे सोलले. त्याला काकूंचं ते फाटकाशी उभं राहणं डोळ्यांपुढे येत होतं. तो कित्येकदा त्यांच्या समोरून लेकीला घेऊन गेला होता. त्याने त्यांना हात केला होता. त्यांनीही केला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो माझ्या टेबलापाशी आला. कोपऱ्यावर टेकला नाही. समोर उभा राहिला. "ताई, मी शब्द दिला की तुम्ही काय करता?"

वहीतल्या खुणा मोजल्यापासून मला अशा प्रश्नाची धास्ती होती. सांगू नये असंच माझं ठरलं होतं. नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आणखी तीन महिने गप्प बसणं काही अवघड नसतं. पण त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता, आणि मी टेबलाचा खालचा खण उघडला.

त्यात चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, रबर बँड लावलेले. मी ते वर ठेवले.

नऊ वर्षांपूर्वी एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्ट नव्हती. दारासमोर एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. बाबागाडीची पुढची दोन चाकं उंबऱ्याच्या पलीकडे गेली आणि मग तिने ती मागे खेचली. कुणाला काही झालं नाही. दाराचं लॉक झिजलेलं होतं. चार दिवस आधी होईलरावने त्या लॉकपुढे 'तपासलं' असं लिहून सही केली होती. मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्याच्याकडे कारण होतं. वॉचमनकडे चावी नव्हती, परत येऊन बघणारच होतो. कारण खोटंही नव्हतं. मोठे साहेब भले माणूस. ते मला म्हणाले, "गुणी आहे, तोंडावर बोललो तर खचेल." आणि त्यांनी एक पद्धत बसवली. होईलराव जी लिफ्ट करेल, तिथे मागाहून कासवकाकांनी जायचं. लॉक, ब्रेक आणि दोर, निदान तीन गोष्टी बघायच्या. राहिलेलं असेल ते करायचं आणि चिठ्ठी मला द्यायची. यादी मी करायची. कुणाला बोलायचं नाही.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"दुरुस्त करावं लागलं अशा तीनशे बारा."

त्याने वरचा गठ्ठा सोडला. काकांचं मोठं, गोल अक्षर. लॉकचा स्क्रू सैल, आवळला. ब्रेकला तेल लागलेलं, पुसलं. दोराची एक तार तुटलेली, बदलायला कळवलं. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, आणि सोबत टाचलेल्या कार्डावर त्या तारखेच्या एक-दोन दिवस आधीची त्याची सही. तो वाचत राहिला. दोन फोन आले, ते मी घेतले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि बाकीचा चेहरा पांढरा.

शेवटी त्याने गठ्ठ्याला रबर बँड नीट लावला. "बरं झालं सांगितलंत, ताई," तो म्हणाला. कोचबाईंनी शिकवलेलं ते वाक्य होतं. मला ते इतकं लागलं की मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

तिसरं माणूस कोण, हे आता ठरवावं लागलं नाही. काका कुठे आहेत हे त्याने मला विचारलं आणि मी त्याला पत्ता दिला. तो त्याच्याच यादीतला होता, त्याने आदल्या दिवशी उरकलेला. त्या इमारतीच्या गच्चीवर, मशीन रूमच्या दारात काका खोक्यावर बसून हात पुसत होते. त्याला पाहून ते उठले नाहीत.

"कळलं वाटतं," काका म्हणाले.

"तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. दोनदा. पहिल्या वर्षी एकदा, नंतर एकदा. तू म्हणालास, काका, होऊन जाईल."

त्याला दोन्हीतलं एकही आठवेना. त्याने डोक्याला पुष्कळ ताण दिला, पण काहीच आठवलं नाही. तो मला म्हणाला की चिठ्ठ्यांपेक्षाही तेच त्याला जास्त लागलं. एवढी गोष्ट कुणी तोंडावर सांगावी आणि आपण ती ऐकलीसुद्धा नसावी.

"राग आला असेल तुम्हाला."

"आला की. माझ्या नऊ वर्षांच्या दुपारी तुझ्याकडे आहेत. वर तू माझी नक्कल करायचास." काकांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. "चांगली करायचास, ते सोड."

पुढच्या भेटीत तो बाईंवरच उखडला. सगळ्यांनी मिळून मला फसवलं, घरी फसवलं, ऑफिसात फसवलं, मला वेळीच कुणी पडू दिलं असतं तर मी शिकलो असतो, असं तो म्हणाला. जिन्यापर्यंत आवाज येत होता. बाईंचा आवाज मात्र नेहमीइतकाच होता.

"फसवलं, हे खरं आहे. त्यांच्या वागण्याचं उत्तर ते देतील. तुमच्या सह्यांचं कोण देणार?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका तीन महिन्यांनी जाणार," मग तो म्हणाला. "आणि मी सुपरवायझर होणार. म्हणजे बाकीच्यांचं काम मी तपासणार."

"हो."

"साहेबांना हे माहीत नाही."

"नाही."

बाई त्याला काय करायचं ते सांगतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "काय करणार? कधी? आणि केलंत हे मला कसं कळेल?" तो म्हणाला, उद्या सकाळी दहा वाजता साहेबांना सांगेन आणि सव्वादहाला तुम्हाला फोन करेन. बाईंनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

मला खरं वाटलं नव्हतं. तो सांगेल, पण गोड करून सांगेल, मध्ये चार कारणं पेरेल, असा माझा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी दहाला दोन मिनिटं कमी असताना तो माझ्याकडून चिठ्ठ्यांचे गठ्ठे मागून घेऊन आत गेला. दार उघडंच राहिलं. मी प्रत्येक शब्द ऐकला.

"साहेब, माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे ते माझ्यामुळे नाही. न तपासता मी सह्या केल्या आहेत. तीनशे बारा वेळा त्या लिफ्ट कासवकाकांनी दुरुस्त केल्या. हे त्याचे कागद."

साहेबांनी एकही कागद उचलला नाही. मग ते म्हणाले, "तुमच्या बढतीच्या पत्रावर मी काल सही केली." त्यांनी टेबलावरचा एक लिफाफा उचलला, खणात ठेवला आणि खण बंद केला. "हे इतकी वर्षं कुणीच कसं बोललं नाही?"

होईलरावने माझं नाव घेतलं नाही, काकांवरही काही ढकललं नाही. मला उठावं लागलं. मी आत गेले आणि म्हणाले, "यादी मी करत होते, साहेब. मला माहीत होतं." त्यापुढे माझ्या जिभेवर मोठ्या साहेबांचं नाव आलं होतं. ते मी गिळलं.

साहेबांनी आम्हाला ओरडून काही म्हटलं नाही. ते घाबरले होते. त्यांनी हुकूम काढला. होईलरावच्या विभागातल्या सगळ्या, म्हणजे ब्याण्णव लिफ्ट पुन्हा पूर्ण तपासायच्या. तपासायच्या त्यानेच. काकांनी बरोबर उभं राहून बघायचं.

खरा धक्का त्यानंतर बसला, आणि तो आम्हा सगळ्यांनाच बसला.

अकराव्या दिवशी ते एका सात मजली इमारतीत गेले. जुनी इमारत, मशीन रूम गच्चीच्याही वर, आणि तिथे जायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी. होईलराव वर चढला. काका खाली शिडीपाशी थांबले. त्याने ब्रेकचं झाकण काढलं आणि बॅटरी मारली. ब्रेकचा लायनर, म्हणजे जो घासून लिफ्ट थांबते तो पट्टा, झिजून कागदाएवढा उरला होता. तो पट्टा धरून ठेवणारे आतले रिव्हेटचे खिळे धातूला लागून चकाकत होते. खाली काळ्या भुकटीचा ढीग साचला होता. असा ब्रेक एके दिवशी धरत नाही. भरलेली लिफ्ट मग मजल्यावर थांबत नाही, सरकत जाते.

त्याने आधी मेन स्विच पाडला. मग खाली वाकून विचारलं, "काका, मागच्या महिन्यात तुम्ही पाहिलंत तेव्हा हा कसा होता?"

त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

काका शिडीला धरून उभे होते. "मी वर्षभर वर चढलेलो नाही," ते म्हणाले. "गुडघा वळत नाही. चिठ्ठी खालूनच लिहीत होतो."

तो शिडीच्या वरच्या टोकाला बसून राहिला. त्याच्या मागून काका जात होते, म्हणून तो निर्धास्त होता, हे म्हणायलाही जागा नव्हती, कारण त्याला ते माहीतच नव्हतं. काकांना वाटत होतं, त्याने निदान एखाद्या वेळी तरी पाहिलं असेल. मला वाटत होतं, दोघांनी पाहिलं आहे. कार्डावर त्याची सही, काकांची चिठ्ठी, माझं रजिस्टर, आणि वर्षभर त्या खोलीत माणूस गेलं नव्हतं. त्याने मला तिथून फोन करून हे सांगितलं तेव्हा मी रजिस्टरात त्या इमारतीचं पान काढलं. त्या इमारतीत अठ्ठावीस घरं आहेत.

बंद लिफ्टवर पाटी लावून निघून यायची आमच्याकडे रीत आहे. तो निघून आला नाही. संध्याकाळी माणसं कामावरून परतायला लागली तेव्हा तो तळमजल्यावर लिफ्टच्या दारासमोर उभा होता. प्रत्येकाला तो तेच सांगत होता. "ब्रेक झिजला आहे. वर्षभर मी वर जाऊन पाहिलं नाही. कार्डावर सही माझी आहे. दुरुस्तीला दोन दिवस लागतील."

पहिले काही जण नुसते बघत राहिले. लिफ्टवाल्याकडून असं ऐकायची त्यांना सवय नव्हती. सहाव्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत खाली बसले आणि म्हणाले, "मी रोज चार वेळा बसतो हिच्यात." एक बाई दोन मुलींना घेऊन आली होती. तिने ऐकलं, मुलींचे हात धरले आणि विचारलं, "का नाही पाहिलंत?"

शिडी अवघड आहे, काम पाच लिफ्टचं असतं, वॉचमन चावी देत नाही, असं पुष्कळ त्याच्या डोक्यात आलं होतं. तो म्हणाला, "मी गेलो नाही."

बाईने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की मोठ्या मुलीने तिची ओढणी ओढली. मग त्या तिघी जिना चढून गेल्या. आजोबांना त्याने वर नेऊ का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले.

रहिवाशांनी लेखी तक्रार केली, आणि ती योग्यच होती. होईलरावला महिनाभर कामावरून दूर ठेवलं. ती इमारत त्याच्याकडून कायमची काढली. काकांची निवृत्ती ठरल्या दिवशी झाली, पण निरोपाचा कार्यक्रम त्यांनी नाकारला. जाताना ते मला म्हणाले, "शेवटच्या वर्षाचं मला वाईट वाटतं." बाकी आठ वर्षांबद्दल ते काही बोलले नाहीत. रजिस्टरची पद्धत बदलली. मशीन रूममधल्या ब्रेकचा फोटो, तारखेसकट, आल्याशिवाय मी कार्ड जमा करत नाही. मलाही ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलला लागलेली आहे.

त्या रिकाम्या महिन्यात कोचबाईंच्या दोन भेटी उरल्या होत्या. साहेबांनी त्या रद्द केल्या नाहीत. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "लोकांचा माझ्यावर विश्वास बसला, हे मला कसं कळणार?"

"कदाचित कळणारही नाही," बाई म्हणाल्या. "ते तुम्हाला कळवायला बांधील नाहीत. तुम्ही तरीही करायचं आहे."

त्याला यापेक्षा बरं काही ऐकायचं होतं, हे तो कबूल करतो.

घरी एकदम काही बदललं नाही. तो वेळेवर शाळेत पोचायला लागला, तरी काकू झाडाखाली येतच होत्या. त्याने बायकोला म्हटलं, आता नको ना त्यांना त्रास. ती म्हणाली, "मला अजून धीर होत नाही." त्याने वाद घातला नाही. पाच महिन्यांनी एका शुक्रवारी झाडाखाली कुणी नव्हतं.

आता तो दिवसाला तीन लिफ्ट करतो. बोलतो कमी. म्हाताऱ्या बायका फोनवर विचारतात, त्याची तब्येत बरी नाही का. 'बघतो' म्हणायच्या आधी तो थांबतो, मनात काहीतरी जुळवतो, आणि पुष्कळदा 'नाही जमणार' म्हणतो. सुरुवातीला लोकांना ते तुसडेपणाचं वाटायचं.

गेल्या महिन्यात साहेबांनी त्याला पुन्हा आत बोलावलं. सुपरवायझरची जागा अजून रिकामी होती. त्यांनी विचारलं, "आता?" तो म्हणाला, "बुधवारी सांगतो."

बुधवारी तो सकाळीच आला, ओले बूट पायपुसण्यावर घासून साहेबांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अजून नाही, साहेब. वर्षभराने विचारा." साहेब पेन हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मी टेलिफोन उचलला होता, आणि समोरचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

होईलरावने माझ्या टेबलावरून दिवसाची यादी घेतली, तीन पत्ते वाचले आणि बाहेर पडला.